काशीचे घाट आणि भूवापराचे नियम

उत्तर प्रदेशच्या १९७३ च्या नगर नियोजन व विकास अधिनियमान्वये १९७४ साली वाराणसी विकास प्राधिकरण स्थापन झाले. वस्ती कोठे, बाजार कोठे, हे महायोजना ठरवू लागली. पुढे गंगाकाठापासून २०० मीटरांच्या आत नव्या बांधकामास मनाई झाली. घाटांचे रूप राखण्यास ती हितावहच होय. परंतु ब्रह्माघाट, दुर्गाघाट येथील मराठी कुटुंबांची जुनी घरेही याच पट्ट्यात येतात. तेथे खचलेली भिंत पुन्हा उभारण्यासही परवानगी लागते. दुसरीकडे, ३०० हून अधिक मिळकती खरेदी करून शासनाने विश्वनाथ मंदिराचे विस्तीर्ण प्रांगण उभारले. २०२१ साली ते खुले झाले. तेव्हा नियम किती कडक, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणासाठी शिथिल होतो, हेही नागरिकांनी विचारले पाहिजे.