खर्चाची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त वावर येथे भरलेल्या सभेतील भाषण)



अशा प्रसंगी मंडळाच्या कार्याचे कौतुक करावे अशी रीत आहे. ते चिटणीसबाईंच्या अहवालाने झालेच आहे, आणि ते रास्तही आहे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. तेव्हा मी हिशेबाविषयीच बोलावे हे बरे. विषय मात्र थोडा निराळा निवडला आहे. लोकांना फसवून श्रीमंत झालेला माणूस पैसा कसा खर्च करतो, आणि त्या खर्चावरून आपल्याला काय कळते, हा तो विषय. कोणी म्हणेल, वावरच्या बायकांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

दिवाळी झाली, भात आणि नागली घरात आली, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसे बाहेर पडतात. कोणी भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, कोणी वसई-विरारला इमारतीच्या कामावर. जाण्यापूर्वी उचल घेतलेली असते. तिथे गेल्यावर आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते. तांदूळ, तेल, मिरची, मूल आजारी पडले तर औषधपाणी, सगळे त्या खर्चीत. आणि ह्या खर्चीचा प्रत्येक रुपया मालकाच्या वहीत लिहिला जातो. पावसाळ्याच्या तोंडाशी हिशेब होतो, तेव्हा ती वही उघडते, आणि कोणाचे फिटले, कोणाच्या अंगावर राहिले ते ठरते. आपण किती मीठ खाल्ले ह्याचीसुद्धा नोंद असते म्हणा ना! गरिबाच्या खर्चाची वही असते, पण ती दुसऱ्याच्या हातात असते. आता मी विचारते, मोठ्या माणसाच्या खर्चाची वही कधी कोणी मागितली आहे काय?

मागितली, पण फार उशिरा. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात बर्नार्ड मेडॉफ नावाचा एक गृहस्थ होता. तिकडच्या शेअर बाजारात त्याचा मोठा दरारा. नॅस्डॅक ह्या बाजाराचे अध्यक्षपदही त्याने भूषविलेले. लोक त्याच्याकडे गुंतवणुकीसाठी पैसे देत आणि तो त्यांना नियमाने नफ्याचे कागद पाठवी. पुढे न्यायालयात त्याने स्वतःच कबूल केले, की निदान १९९०च्या सुमारापासून त्या पैशांतून एकही शेअर घेतलेला नव्हता. सगळे पैसे बँकेच्या एका खात्यात पडत. जुन्या माणसाला नफा द्यायचा तो नव्या माणसाच्या पैशातून. ११ डिसेंबर २००८ रोजी त्याला अटक झाली. त्याच्या कागदांवर लोकांच्या नावे पासष्ट अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम दिसत होती, प्रत्यक्षात तिजोरी रिकामी होती. २००९च्या जून महिन्यात त्याला दीडशे वर्षांची शिक्षा झाली आणि २०२१मध्ये तो तुरुंगातच मेला.

ह्या मेडॉफच्या पेढीचे क्रेडिट कार्ड होते. क्रेडिट कार्ड म्हणजे काय, तर वाण्याकडच्या उधारीच्या वहीचेच मोठे रूप. आज दुकानात कार्ड दाखवावे, वस्तू घ्यावी, आणि महिनाअखेर बँकेकडून सगळ्या खर्चाचे बिल यावे. कोणत्या दिवशी, कोणत्या दुकानात, किती, हे सगळे त्यात लिहिलेले. मेडॉफची लबाडी उघडकीस आल्यावर ह्या कार्डाची बिले तपासणाऱ्यांच्या हाती आली. २००८च्या जानेवारी महिन्याचे बिल एक लाख डॉलरच्या वर होते. त्या वेळच्या दराने जवळजवळ चाळीस लाख रुपये! आणि त्यात काय होते? उंची कपडे, उपाहारगृहे, बर्फाच्या डोंगरावरच्या सहली. म्हणजे घरच्या माणसांचा खाजगी खर्च, आणि बिल पेढीच्या नावे. पेढीत पैसा कोणाचा? ज्यांनी विश्वासाने ठेवला त्यांचा.

पहिली गोष्ट इथे कळते. त्या घरात पेढीचा पैसा आणि घरचा पैसा ह्यांच्यामध्ये भिंतच नव्हती. आपल्या बचतगटाच्या पेटीतून अध्यक्षबाईंनी घरचे तेल-मीठ आणले तर आपण काय म्हणू? रक्कम लहान असो की मोठी, आपण तिला चोरीच म्हणू. लबाडी ओळखायला पुष्कळ शिक्षण लागते असे नाही. पेटी कोणाची आणि घर कोणाचे, एवढेच विचारावे लागते.

ह्याच प्रकरणातली आणखी एक हकीकत स्त्रियांच्या संस्थांनी ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेत ‘हदासा’ नावाची ज्यू स्त्रियांची फार जुनी संस्था आहे, १९१२ साली स्थापन झालेली. जेरुसलेममध्ये तिची रुग्णालये आहेत. ह्या संस्थेनेही मेडॉफकडे चार कोटी डॉलर ठेवले होते, आणि शेवटी शेवटी ते वाढून नऊ कोटी झाले असे कागदावर दिसत होते. ते नऊ कोटी तर बुडालेच. पण पुढे हिशेब झाला तेव्हा असे दिसले, की वर्षानुवर्षे नफा म्हणून संस्थेने जे काढून घेतले होते, ते ठेवलेल्या मुद्दलापेक्षा पुष्कळच जास्त होते. तो नफा म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी मुद्दल. म्हणून २०१०मध्ये ह्या संस्थेने साडेचार कोटी डॉलर परत देण्याचे मान्य केले. संस्थेचा हेतू चांगला, काम चांगले, बायका प्रामाणिक, तरीही परतफेड चुकली नाही. कारण हा नफा येतो कोठून, हे वेळीच विचारले गेले नव्हते.

आता परदेश सोडून आपल्या दाराशी येऊ. पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँक, जिला सगळे पीएमसी बँक म्हणत, ती १९८४ साली मुंबईत निघाली. तिच्यात रिक्षावाले, दुकानदार, पेन्शनवर जगणारी माणसे, गृहनिर्माण संस्था ह्यांच्या ठेवी होत्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. पहिला हुकूम असा, की सहा महिन्यांत एका खात्यातून एक हजार रुपयेच काढता येतील. एक हजार! बँकेच्या दारात बायका रडत होत्या. घरात लग्न ठरलेले, कोणाचे ऑपरेशन ठरलेले, पैसे खात्यात आहेत, पण हाती येत नाहीत. पुढे ही मर्यादा दहा हजार, पंचवीस हजार अशी वाढत वाढत जून २०२०मध्ये एक लाखापर्यंत गेली.

बँकेवर ही पाळी का आली? बँकेने दिलेल्या एकूण कर्जांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कर्ज एकाच घराच्या कंपन्यांना गेले होते. ती एचडीआयएल नावाची बांधकाम कंपनी. आपल्या पालघर जिल्ह्यात वसई-विरारच्या बाजूला तिचे मोठे काम होते. हे कर्ज थकले, आणि ते रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांना दिसू नये म्हणून एकवीस हजारांवर खोटी खाती कागदावर तयार करण्यात आली. बँकेचे व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस ह्यांनी कर्ज लपविल्याचे रिझर्व्ह बँकेला पत्राने कळविले. ऑक्टोबर २०१९मध्ये कंपनीचे राकेश व सारंग वाधवान ह्या पितापुत्रांना अटक झाली. गुन्हा कोणाचा किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. पण त्या वेळी सरकारी खात्याने काय जप्त केले ते सर्वांसमोर आले. रोल्स रॉइस, बेंटले अशा बारा मोटारी. त्यापाठोपाठ खाजगी विमान आणि समुद्रातली नौका.

भगिनींनो, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. इकडे एक हजार रुपये, तिकडे विमान. कर्ज थकलेले, बँक पोकळ झालेली, तरी मोटारी दारात उभ्याच. ज्याच्या अंगावर भट्टीची उचल आहे त्या आपल्या माणसाला मुलीच्या लग्नात मांडव घालतानासुद्धा लाज वाटते, की लोक म्हणतील देणे फेडले नाही आणि मिरवतो आहे. जिथे पैसा घामाचा असतो तिथे खर्चाला हात आखडतो. जिथे तो दुसऱ्याचा असतो तिथे हात आखडण्याचे कारणच उरत नाही. खर्चाने कळते ती दुसरी गोष्ट ही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ऐट हा लबाडाचा शौक असतो, तसे ते त्याचे जाळेही असते. आपण जंगलाच्या शेजारी राहणाऱ्या बायका, आपल्याला जाळे सांगायला नको. दाणे टाकल्याशिवाय पाखरू येत नाही. २०२४ साली मुंबईत दादरला ‘टोरेस’ नावाची एक झगमगीत पेढी उघडली. मोठे दालन, दिव्यांचा लखलखाट, बक्षिसात मोटारी आणि भारी मोबाईल फोन. हिऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम खडे विकत घ्या, आम्ही दर आठवड्याला सहा टक्के आणि त्याहूनही अधिक देऊ, असे सांगत. २०२५च्या जानेवारीत एके दिवशी पैसे येणे थांबले, आणि दुकानापुढे फसलेल्यांची गर्दी उसळली. त्यात भाजीवालेही होते. त्या मोटारी आणि ते दिवे लोकांच्याच पैशातून आलेले, आणि तेच पाहून लोक पैसे देत होते!

आता थोडे गणित करू. आठवड्याला सहा टक्के म्हणजे हजार रुपयांवर साठ रुपये. सतरा आठवड्यांत हजाराचे हजार परत, आणि मुद्दल वेगळेच. वर्षाला हजारावर तीन हजार एकशेवीस. कोणत्या शेतात असे पीक येते? नागली पेरणाऱ्या बाईला हे विचारले तर ती हसेल. पण तोच प्रश्न दिव्यांच्या लखलखाटात विचारायचे आपण विसरतो.

इथे एक अभिमानाची गोष्ट सांगते. पीएमसी बँकेचा प्रकार रिझर्व्ह बँकेच्या कानी घालण्यात बँकेच्या कर्जविभागातील काही स्त्री-कर्मचारी होत्या, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. त्यांच्यासमोर वही होती. वहीत लिहिलेले आणि खरे ह्यांचा मेळ बसत नाही, हे त्यांना दिसले, आणि त्या बोलल्या. नोकरी जाईल, वरचे रागावतील, ही भीती त्यांना नसेल काय? तरी त्या बोलल्या. वही वाचणारी बाई एवढे करू शकते.

म्हणून आपल्या मंडळाने काय करावे, ते थोडक्यात सांगते. पाड्यावर कोणी नवी योजना घेऊन आला, तर त्याची मोटार, त्याचे घड्याळ, त्याच्याबरोबरचे फोटो पाहू नयेत. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. ठेवी घेण्याची परवानगी कोणाची आहे? नफा कोणत्या धंद्यातून येतो? आणि आज ठेवलेले पैसे उद्या मागितले तर मिळतील काय? उत्तर न देता जो घाई करतो, ‘उद्या योजना बंद होईल’ म्हणतो, त्याला पाणी द्यावे आणि वाटेला लावावे. परवानगीविषयी शंका आली तर रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ नावाचे संकेतस्थळ आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगितले तर ती फोनवर पाहून देईल, तक्रारही तिथे करता येते.

दुसरे, बँकेतल्या ठेवीला विमा असतो. पूर्वी तो एक लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२०पासून एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंत झाला. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पीएमसी बँक २५ जानेवारी २०२२ रोजी दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तेव्हा पाच लाखांपर्यंतच्या ठेवीदारांना ह्या विम्याचाच आधार मिळाला. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतची वाट पाहणे आले. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही, हे ध्यानात ठेवावे. पोस्टातल्या बचतीला सरकारची हमी आहे.

तिसरे, गावात यंत्रावर अंगठा लावून पैसे काढताना प्रत्येक वेळी पावती मागावी. पुन्हा अंगठा लावा म्हटले तर आधी का ते विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही. पैसे आपले आहेत.

आणि शेवटचे, आपल्या गटाची वही. ती दर बैठकीला मोठ्याने वाचली जावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावी, आणि पेटीतले पैसे सर्वांसमोर मोजावेत. अध्यक्षबाई कितीही भल्या असोत, आणि आपल्या अध्यक्षबाई भल्याच आहेत, तरी वही वाचावी. त्यात अविश्वास नाही. उलट भल्या माणसाच्या भलेपणाला त्यामुळे साक्ष मिळते. मेडॉफसारख्या दरारा असलेल्या माणसाची वही कोणी अशी दर महिन्याला मागितली असती, तर कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा घास वाचला असता.

आजवर आपल्या खर्चाची वही दुसऱ्याच्या हातात राहिली. ह्या मंडळाने ती आपल्या हातात घेतली, हे माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे कार्य. आता ज्याच्या हाती आपला पैसा जाईल, त्याचीही वही मागण्याची सवय आपल्या मुलींना लागो, एवढी इच्छा व्यक्त करून आणि मंडळाला दीर्घायुष्य चिंतून मी आपली रजा घेते.