२६ ची कपाशी आणि ५२ ची कपाशी

(जिल्हा बैठकीतील भाषणावरून)



बियाण्याच्या दुकानात आपण कंपनी विचारतो, भाव विचारतो, अळीला टिकेल का विचारतो. एक गोष्ट कुणी विचारत नाही: हे बियाणे २६ चे की ५२ चे? आज तेवढ्यावरच बोलतो. देशी कपाशी आपल्या रानातून का गेली, याचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांत आहे. उरलेले अर्धे बाजारात आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

झाडाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात. धागा किती लांब, मूळ किती खोल, पान लवदार की गुळगुळीत, याची सगळी नोंद त्यांच्यावर असते. ज्वारीची गुणसूत्रे २०. देशी कपाशीची २६, म्हणजे १३ आईकडची आणि १३ बापाकडची. अमेरिकन कपाशीची मोजली तर ५२. बरोबर दुप्पट.

कारण अमेरिकन कपाशी ही एक कपाशी नाहीच, दोन कपाशी आहेत. ५२ पैकी २६ आपल्या देशी कपाशीच्या भाऊबंदांची, २६ अमेरिकेतल्या रानटी कपाशीची. सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातली सरकी समुद्रावरून वाहत तिकडे लागली असावी आणि दोघींचा संकर झाला. असा संकर एरवी खेचरासारखा वांझ राहतो, कारण एकीच्या गुणसूत्राला दुसरीत जोडीदार मिळत नाही. इथे मात्र सगळी गुणसूत्रे दुप्पट झाली, प्रत्येकाला जोडी मिळाली आणि झाड फळाला आले. याला बहुगुणन म्हणतात. गव्हाचेही तेच झाले आहे: बन्सी गहू २८ चा, रोजच्या पोळीचा ४२ चा.

ही थाप नाही. १९४० साली अमेरिकेत बीसली या शास्त्रज्ञाने आशियाई कपाशी आणि तिकडची रानटी कपाशी यांचा संकर करून, कोल्चिसिन नावाच्या औषधाने गुणसूत्रे दुप्पट केली आणि फळणारे झाड उभे केले. तेच झाड पुढे अमेरिकन कपाशीशी जोडले, त्यातून तिकडच्या वाणांना धाग्याची मजबुती मिळाली.

गंमत पुढेच आहे. त्या रानटी कपाशीला सूत काढण्याजोगी रुई नसते. तरीही १९९८ साली अमेरिकन कपाशी तपासली तेव्हा धाग्याचे बरेचसे गुण रानटी बाजूच्या गुणसूत्रांवर सापडले. एका वाड्यात दोन संसार आले की कामाची नव्याने वाटणी होते, तसे हे आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती झाल्या. काही ठिकाणी एक प्रत गप्प बसली. काहींमध्ये फुलाच्या एका भागात ही राबते, दुसऱ्या भागात ती. एक प्रत जुने काम सांभाळते म्हणून दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. लांब धाग्याचे एक मूळ इथे आहे.

आता आपल्या दुखण्यावर येतो. देशी कपाशी तुडतुड्यांना अमेरिकनपेक्षा चांगली तोंड देते. १९९० च्या दशकात पाकिस्तानात आणि आपल्या राजस्थान-पंजाबात पाने मुरडणारा लीफ कर्ल रोग आला, त्यात अमेरिकन कपाशी बसली, देशीला तो लागला नाही. मग तिचा हा गुण अमेरिकनमध्ये का उतरवत नाहीत? हिशेब करा. देशीकडून १३, अमेरिकनकडून २६, मिळून ३९. त्यातली रानटी बाजूची १३ बिनजोडीची राहतात. झाड वांझ. वाट अगदीच बंद नाही, पण लांबची आहे, आणि लांबच्या वाटेवर पैसा टाकायला कुणाला घाई नव्हती.

उलट ५२ ला ५२ सहज जुळते. १९७० चा सुरतेचा एच-४ अमेरिकनचाच संकर. १९७२ ची वरलक्ष्मी अमेरिकन आणि लांब धाग्याच्या बार्बाडेन्स कपाशीची. दोन्ही ५२ च्या. बीटीचे जनुकही कोकर-३१२ या अमेरिकन वाणात घातले आणि तिथून नेहमीच्या संकराने इतर अमेरिकन वाणांत नेले. २००२ साली परवानगी मिळाली ती अशा संकरांना. देशीपर्यंत त्या रस्त्याने पोचता येत नव्हते. म्हणजे देशी हरली ती शेतात नव्हे. स्पर्धेला तिला उभेच केले नाही.

देशीत खोट नाही असे मी म्हणणार नाही. बोंड लहान. फुटल्यावर वेचणीला उशीर केला तर रुई मातीत. जुन्या वाणांचा धागा आखूड. पण परभणीच्या कृषी विद्यापीठाने पीए-२५५, पीए-४०२ असे लांब धाग्याचे देशी वाण काढले, तेव्हा धाग्याचे रडगाणे आता पुरे. बोंडाचे आणि गळतीचे काम बाकी आहे. ते २६ च्या घरातल्या घरात करता येते, तिथे वांझपणाची अडचण नाही. विद्यापीठात गेलात तर हेच विचारा: यावर किती माणसे बसवली आहेत?

मागच्या बैठकीत एका भावाने विचारले होते, चहूबाजूंनी बीटी असताना देशीची सरकी शुद्ध राहील का? राहील. ५२ चा पराग २६ च्या फुलावर पडला तरी सहसा बी धरत नाही. शेजारी दुसरा देशी वाण असेल तर मात्र अंतर ठेवा, आणि बियाण्याची सरकी जिनात न पाठवता घरी काढा. भेसळ होते ती तिथे.