इचलकरंजीचा माग



तुमचे धोतर, सदरा, उशीची खोळ, यांतले एखादे कापड आमच्या गावी विणलेले असेल. आमचे गाव इचलकरंजी. कोल्हापूर जिल्हा, पंचगंगेचा काठ. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून गावात खटखट चालू आहे. रात्रीसुद्धा. पाहुण्याला झोप येत नाही. आम्हाला मात्र आवाज थांबला की जाग येते.

अलीकडे अशी जाग फार वेळा येते.

आमच्यातले पुष्कळ जण खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग आमचा. आम्ही कापड विणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. त्यातूनच कामगाराचा पगार, विजेचे बिल, तेल, धोटे, जागेचे भाडे. विजेचा दर वाढला, तर भरावाच लागतो. मजुरी मात्र मागून वाढत नाही. मंदी आली, की उलट उतरते. कापूस पिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट यंत्राची. साध्या मागात धोटा मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा फिरतो. नव्या एअरजेट मागात धोटाच नाही. हवेच्या झोताने आडवा धागा पलीकडे जातो, मिनिटाला पाचशेहून जास्त वेळा. त्याची बरोबरी कशी करायची?

आमच्यातल्या एकाने कर्ज काढून तसा माग घेतला. साधा माग बिघडला, तर जॉबर कान लावून ऐकतो, पाना घेतो आणि दुरुस्त करतो. नव्या मागाला कान लावून काय कळणार? पडद्यावर इंग्रजी अक्षरे येतात. ती जाणणारा माणूस बाहेरगावाहून यायला चार दिवस लागले. माग बंद, हप्ता चालू!

आमचे म्हणणे असे, की आधी माणूस शिकवावा, मग यंत्र आणावे. पण शिकायला येतो कोण? आमचीच मुले येत नाहीत. बारा बारा तास उभे राहायचे, कानठळ्या बसायच्या. त्यांना दोष कसा द्यावा? परप्रांतांतले कामगार आले. 2020 च्या टाळेबंदीत पुष्कळ जण गावी गेले, ते सगळे परतले नाहीत.

काहींनी साधे माग भंगारात विकले. किलोच्या भावाने. ज्या मागावर दोन बहिणींची लग्ने झाली, तो काट्यावर चढताना आम्ही पाहिला.

त्या एअरजेटवाल्याचा जॉबर पन्नाशीचा आहे. तो आता रोज रात्री पडद्यावरचे शब्द वहीत उतरवतो आणि मुलीला अर्थ विचारतो. परवा माग थांबला, तेव्हा त्यानं बाहेरगावी फोन केला नाही. वही काढली. दोन तास लागले, पण माग चालू झाला.