दुकानाच्या वहीतलं युद्ध
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. त्यावर माझ्यापेक्षा तुमची मुलं चांगलं बोलतील. म्हणून परवानगी घेऊन मी विषय बदलला. मी आज आमच्या दुकानाबद्दल बोलणार आहे.

बाजारपेठेतलं आमचं किराणा दुकान तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मधल्या सुट्टीतल्या लिमलेटच्या गोळ्या तिथल्याच, आणि गोळ्यांचे पैसे 'नंतर देतो' म्हणणारे इथे पुढच्या रांगेतच बसलेत. दुकान बंद होऊन आता पंधरा वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात माळा साफ करताना एका पत्र्याच्या ट्रंकेत लाल कापडाच्या बांधणीच्या चार वह्या सापडल्या. १९४१ ते १९४५ या काळातल्या, आजोबांच्या हातच्या, आणि सगळ्या मोडीत.

मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. आपल्या इतिहासाच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "वाचून देणार नाही. शिकवीन." त्यामुळे चव्वेचाळिसाव्या वर्षी मी रोज रात्री जेवणानंतर व्हिडिओ कॉलवर गृहपाठ दाखवायला बसू लागले. सरांनी अजूनही एकदा शाबासकी दिलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

तीन महिन्यांनी वह्या वाचता येऊ लागल्या. पहिल्या वहीत सगळं नेहमीचं आहे. रंगून तांदूळ, साखर, रॉकेल, काड्यापेट्या, खोबरेल, मांजरपाट. युद्ध १९३९ सालीच सुरू झालं होतं, पण आपल्या बाजारपेठेत ते अजून पोचलं नव्हतं. १९४२च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि काही महिन्यांत 'रंगून तांदूळ' हे शब्द वहीतून नाहीसे झाले. आपला रत्नागिरी जिल्हा कधीच स्वतःच्या भातावर वर्ष काढू शकत नव्हता. देशात दरवर्षी ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ यायचा, तो थांबला. रॉकेलही बरंचसं तिकडूनच यायचं. साखर नियंत्रणाखाली गेली. वहीत साखरेच्या जागी गूळ वाढत गेला आणि रॉकेलच्या जागी उंडीचं तेल. लोक पुन्हा पणतीकडे वळले.

सुट्टे पैसेही मिळेनात. नाणी लोकांनी घरात दाबून ठेवली होती. काही नोंदींत आजोबांनी सुट्ट्यांऐवजी पोस्टाची तिकिटं दिल्याचं लिहिलंय. १९४३ साली सरकारने भोकाचा पैसा काढला. आधीच्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा, कारण धातू युद्धाला हवा होता. तो पैसा ट्रंकेच्या तळाशी दोऱ्यात ओवलेला मिळाला, अकरा नग.

इथपर्यंत वाचताना मजा वाटत होती. मग रॉकेलची पानं आली.

आमच्या घरात एक वाक्य लहानपणापासून ऐकलंय, "लढाईच्या काळात आजोबांनी कोणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही." १९४२ आणि १९४३च्या वहीत रॉकेल आलं की सतरा घरांची नावं आहेत. दर खेपेला तीच सतरा, त्याच क्रमाने. सगळी पेठेतली आणि वरच्या आळीतली. त्यांच्याखाली अधूनमधून एक ओळ येते, 'खालची वाडी, एक इसम. रॉकेल नाही सांगितले.' आणि पानाच्या तळाशी त्याच दिवसाची शिल्लक लिहिलेली असते, रॉकेल दोन डबे.

मी ती ओळ सरांना तीनदा वाचून दाखवली. मला वाटलं, माझंच मोडी कच्चं आहे. सर म्हणाले, "बरोबर वाचलंस."

एक गोष्ट आजोबांच्या बाजूने सांगायला हवी. भाव त्यांनी सरकारी दरानेच लावला होता. 'काळाबाजार' हा शब्द त्या दिवसांत घरोघरी झाला, पण आमच्या वहीत तो दिसत नाही. मापात पाप नव्हतं. माप कोणासमोर धरायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. बाबांना विचारलं, तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, दुकानदार ओळखीच्याला आधी देतो. त्यात काय वाईट?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण मी स्वतः तेच केलं होतं.

माझं काम म्हणजे गोदामातला माल कोणत्या दुकानाला किती जावा हे ठरवणारी प्रणाली लिहिणं. माल भरपूर असतो तेव्हा हे सोपं असतं. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि कणीक, साबण, तेल अपुरं पडलं. आमच्या प्रणालीत नियम होता, ज्याची आधीची खरेदी जास्त त्याला आधी. तो नियम मीच लिहिला होता. वस्त्यांमधली छोटी दुकानं रोज मागणी नोंदवत होती आणि त्यांना रोज शून्य जात होतं. आठवड्याने एका विक्री प्रतिनिधीने फोन करून विचारलं तेव्हा आम्हाला कळलं. आमच्यापैकी कोणीही त्यांना नाही म्हटलं नव्हतं. जुनी ओळख आधी, एवढंच आम्ही संगणकाला शिकवलं होतं. आजोबांनी निदान 'नाही सांगितले' असं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं.

आता वहीतला पुढचा भाग. मे १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. आपल्याकडे कार्डं पुढच्या वर्षी आली. १९४४च्या वहीत एक नवंच पान सुरू होतं. कार्ड नंबर, घरातली माणसं, मिळालेला माल. आणि तिथे खालच्या वाडीतली नावं आहेत, बापाच्या नावासकट, आडनावासकट. दोन वर्षं जो 'एक इसम' होता, त्याचं नाव आजोबांनी तेव्हा पहिल्यांदा लिहिलं. घरात माणसं सात.

रेशनच्या धान्यात खडे असायचे, रांगा असायच्या, कार्ड असूनही माल संपलेला असायचा. कार्डाने माणसं चांगली झाली नाहीत. पण कोणाला द्यायचं हे दुकानदाराच्या ओळखीवर राहिलं नाही, घरातल्या तोंडांवर ठरू लागलं. ते वेळेवर झालं नाही तर काय होतं, हे बंगालने पाहिलं. कलकत्त्यात रेशनिंग १९४४च्या सुरुवातीला आलं, तेही शहरापुरतं. तोवर १९४३चा दुष्काळ येऊन गेला होता. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी त्याहून बराच जास्त सांगितला.

त्या पानावरचं एक आडनाव आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर होतं. ती मैत्रीण आज इथे बसली आहे. तिचं नाव मी घेणार नाही, पण हे सांगायला तिनेच सांगितलं आहे. दिवाळीत मी वही घेऊन तिच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा ठरवलं होतं, त्यातलं काहीच बोलले नाही. नुसतं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. तिची आई म्हणाली, "सासूबाई सांगायच्या, त्या दोन वर्षांत आमच्यात जेवण दिवसाउजेडीच उरकायचे. मोठे भावोजी तेव्हा चौथीत होते. रात्री दिवा नाही म्हणून अभ्यास राहिला, नि मग शाळाच राहिली."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू कशाला मागतेस? तू तेव्हा होतीस का?" मग चहा टाकला. गुळाचा नव्हता, हे सांगायला त्या विसरल्या नाहीत. निघताना मैत्रीण म्हणाली, "हे घरात ठेवू नकोस. शाळेत सांग."

म्हणून आज सांगितलं. बाबांची संमती घेऊन चारही वह्या मी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. खालच्या वाडीची पानं काढून टाकलेली नाहीत. बाबांनीच तसं सांगितलं. सर दर शनिवारी सकाळी मोडीचा वर्ग घ्यायला तयार आहेत.

तुम्हाला एकच विनंती. घरी गेलात की माळ्यावर बघा. जुनं रेशनकार्ड, उधारीची वही, भोकाचा पैसा, काही असेल तर शाळेकडे आणून द्या. आमच्या वहीत फक्त देणाऱ्याची बाजू आहे. रिकामी बाटली घेऊन परत गेलेल्यांच्या घरात काय बोललं गेलं, ते तुमच्यापैकी काहींच्या आजी-आजोबांनी सांगितलं असेल. ते लिहून द्या. वहीशेजारी तेही राहू दे.