काकवीतलं समुद्री शेवाळ



बारामती-इंदापूरच्या द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांना 'सीवीड' हा शब्द नवा नाही. फवारणीला किंवा ठिबकमधून सोडायला समुद्री शेवाळाचा अर्क आपल्याकडे सर्रास वापरतात. जपानात मात्र समुद्री शेवाळ रोजच्या जेवणात असतं. ते आपल्या घरात करून बघायचं असेल तर पुण्याहून महागडी जपानी पाकिटं आणायची गरज नाही. आपल्या नेहमीच्या किराणा दुकानात चायना ग्रास मिळतं ना, पांढऱ्या, हलक्या, सुकलेल्या पट्ट्यांचं? ते समुद्री शेवाळापासूनच बनतं, त्यालाच अगर म्हणतात. सुरुवात तिथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण आधी एक गोष्ट बजावून सांगते. शेतीसाठीचा सीवीड अर्क खाण्यासाठी नसतो. त्याचा थेंबही स्वयंपाकात नको, बाटलीवर 'सेंद्रिय' लिहिलेलं असलं तरी नको. आणि उजनी धरणाच्या जलाशयावर, विहिरीत किंवा शेततळ्यात जो हिरवा थर येतो, तो खाण्याचं शेवाळ नव्हे. त्यातलं नील-हरित शेवाळ विषारी असू शकतं. मुलांना हे जरूर समजावून सांगा.

आता पदार्थाकडे वळू. जपानात मित्सुमामे नावाचा एक गोड पदार्थ आहे. शेवाळाच्या पारदर्शक वड्या, किंचित मीठ घालून उकडलेले लाल वाटाणे, थोडी फळं आणि वरून काळ्या साखरेचा पाक. ही काळी साखर म्हणजे उसाचा रस आटवूनच केलेली असते. मग आपल्याकडे गुऱ्हाळावरची काकवी असताना वेगळा पाक कशाला शोधायचा? वाटाण्यांऐवजी लाल चवळी घेऊ आणि फळं म्हणून इंदापूरचं डाळिंब.

चायना ग्रासचं 10 ग्रॅमचं पाकीट घ्या. पट्ट्या कात्रीनं बारीक कापून गार पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा. मऊ झाल्या की निथळून पाऊण लिटर पाण्यात घाला आणि मध्यम आचेवर उकळत ठेवा. इथे घाई चालत नाही. पाणी गरम झालं, पट्ट्या दिसेनाशा झाल्या, म्हणजे काम झालं असं नाही. उकळी आल्यावर पुढची आठ-दहा मिनिटं ढवळत राहा. डावात घेऊन उजेडाकडे धरून पाहा, एकही धागा दिसता कामा नये. वड्या धरल्या नाहीत अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा ही उकळी अपुरी पडलेली असते. मग दोन चमचे साखर घाला, गाळा आणि पाण्यानं ओल्या केलेल्या थाळ्यात बोटभर जाडीनं ओता.

फ्रिज नसला तरी अडत नाही. हे मिश्रण साधारण 35 ते 40 अंशांच्या दरम्यान आपोआप घट्ट होतं. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर असेल, तर थाळा गार पाण्याच्या परातीत ठेवा किंवा वड्या संध्याकाळीच लावा. एकदा धरलेली वडी मात्र 85 अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. बाजारातल्या काही जेलींत जिलेटिन असतं. ते प्राण्यांच्या हाडां-कातड्यापासून बनतं आणि आपल्या उन्हाळ्यात पातळ होतं. अगरचा हा न वितळण्याचा गुण विज्ञानालाही मोठा उपयोगी पडला. 1881च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी वापरलेलं जिलेटिन उबेनं वितळायचं. तिथले संशोधक वॉल्टर हेस यांना त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी स्वयंपाकघरातलं अगर सुचवलं. आज टिश्यू कल्चर केळीच्या रोपांचे कोंबही प्रयोगशाळेत बाटलीतल्या अगरवर वाढवतात. एका गृहिणीचा हा वाटा आपण लक्षात ठेवायला हवा.

वाटीभर भिजवलेली चवळी बोटचेपी शिजवा, गाळ होऊ देऊ नका, आणि शिजताना चिमूटभर मीठ घाला. गोडाला उठाव याच मिठानं येतो. अर्धी वाटी काकवीत दोन-तीन चमचे पाणी घालून एक उकळी काढा आणि गार करा. काकवी नसेल तर चांगला गूळ विरघळवून गाळून घ्या. खायच्या वेळी वड्यांचे लहान चौकोन कापून वाटीत घ्या, वर चवळी, डाळिंबाचे दाणे आणि शेवटी काकवी. जपानी लोक अशा गोडावर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ भुरभुरतात. मला त्याऐवजी डाळ्याचं बारीक पीठ फार आवडतं, एकदा घालून बघाच.

लिंबू, कोकम किंवा डाळिंबाचा रस वडीत घालायचा असेल तर भांडं आचेवरून उतरवल्यावरच घाला. आंबट रसाबरोबर उकळलं की अगरचा घट्टपणा जातो.

आता प्रकृतीचं. अगरमध्ये मुख्यतः तंतू असतात, उष्मांक जवळपास नाहीत आणि प्रथिनंही नाहीत. म्हणून सोबतची चवळी महत्त्वाची. काकवी नैसर्गिक असली तरी साखरच आहे, मधुमेहींनी ती चमचाभरच घ्यावी. अगरची कोरडी पूड तोंडात टाकू नये, ती घशात फुगते. अगदी लहान मुलांना आणि गिळायला त्रास होणाऱ्या वडीलधाऱ्यांना या निसरड्या वड्या देऊ नका. आणि पुढे कधी कोम्बू नावाचं जपानी शेवाळ घ्यावंसं वाटलं, तर थायरॉइडचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. त्यात आयोडीन फार असतं.

उरलेल्या वड्या झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, पाणी सुटून त्यांचा स्पंज होतो. जपानात नागानोच्या थंडीत हीच वडी मुद्दाम उघड्यावर गोठवतात, रात्री गोठते, दिवसा पाणी गळतं, आणि अशी सुकत सुकत तिची पट्टी होते. त्यामुळे साध्या पाण्याची वडी चुकून फ्रीझरमध्ये गेलीच तर टाकून देऊ नका. पाणी पिळून काढा, पुन्हा थोड्या पाण्यात उकळा आणि नव्यानं थाळ्यात ओता.