ग्रॅमचा हिशोब आणि लांबचे दोन ठिपके

मी थर्मल कॅमेऱ्यांच्या डिझाइनचं काम करतो. एक प्रश्न मला नेहमी येतो: फोनचा कॅमेरा एवढुसा असतो, मग जवानाच्या हातातला थर्मल कॅमेरा जड का?

कारण त्याला काच चालत नाही. हे कॅमेरे 8 ते 14 मायक्रॉनच्या उष्णतेच्या लहरी टिपतात आणि साधी काच त्या अडवते. बंद खिडकीमागचा माणूस थर्मलमध्ये दिसत नाही, सिनेमावाले काहीही दाखवोत! म्हणून लेन्स जर्मेनियमची. काचेच्या दुपटीहून जड आणि महागडी.

सेन्सर मात्र हलका झालाय. पूर्वी तो उणे 196 अंशांच्या आसपास थंड ठेवायला कूलर लागायचा. 1980च्या दशकात अमेरिकेत हनीवेलनं मायक्रोबोलोमीटर विकसित केला आणि हातातल्या यंत्रातून कूलर गेला. पुढे पिक्सेल 17 मायक्रॉनवरून 12 वर आला. दृश्य तेवढंच ठेवलं, तर लेन्स सगळ्या बाजूंनी आखडते आणि तिचं वजन जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतं.

इथेच मला मोह झाला. लेन्स अजून छोटी केली. वजनकाट्यावर यंत्र झकास! रात्री चाचणीला एक निवृत्त सुभेदार आले होते. लांबवर दोन पांढरे ठिपके दिसले. ते म्हणाले, "साहेब, ही माणसं की बकऱ्या?"

मला सांगता येईना.

खरं तर हा हिशोब जॉन जॉन्सन यांनी 1958 मध्येच मांडलाय. 'काहीतरी आहे' एवढं कळायला जितका बारकावा लागतो, त्याच्या साधारण चौपट 'माणूस आहे' हे कळायला. तो कोणाचा माणूस, ते तर पुढचंच. आणि समोर ठिपकाच असेल, तर गोळी झाडायची की नाही हे जवानानं कशावरून ठरवायचं? लेन्स मोठी केली. वाचवलेले ग्रॅम परत आले.

सुभेदार साहेबांची दुसरी तक्रार शटरची. चित्र सारखं करायला हे कॅमेरे मधूनच डोळा मिटतात, 'टक्' असा आवाज येतो. दिवसा लॅबमध्ये मला तो कधी खटकला नव्हता. शेवटी ते बंद करायचं बटण दिलं. चित्र हळूहळू खराब होतं, पण शटर कधी मिटायचं, ते आता अंधारात बसलेला माणूस ठरवतो.