गरुडांचा मारेकरी पानाखाली सापडला



मागच्या बैठकीत बचतीचा हिशोब बाजूला राहिला आणि तासभर शेवाळावरच बोलणं झालं. आमच्या पाझर तलावावर हिरवा थर आला होता. एकीने विचारलं, "शेवाळ म्हणजे शेवाळ, त्यात कसली जात नि कसलं नाव?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग शोधाशोध केली, वाचलं, आणि त्यात अमेरिकेतली एक गोष्ट सापडली. ती आज सांगतो.

१९९४ सालच्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यात डीग्रे नावाच्या तलावाकाठी पांढऱ्या डोक्याचे गरुड मरू लागले. थोड्या आठवड्यांत २९ गरुड गेले. मरण्याआधी ते झोकांड्या खायचे, उडताना कड्यावर आपटायचे. मेंदू तपासला तर त्यात बारीक बारीक पोकळ्या. कीटकनाशक असेल, शिसं-पारा असेल, एखादा रोग असेल, असं सगळं तपासून झालं. काही सापडेना.

पुढे एक गोष्ट ध्यानात आली. जिथे असं होतं, त्या तळ्यांत हायड्रिला ही पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती माजलेली असायची. ही आपल्या आशियाकडची. माशांच्या काचपेट्यांतून ती तिकडे गेली आणि तळ्यांत सुटली. वारकरी नावाचे पाणपक्षी ती खातात, त्यांचीही तीच गत व्हायची, आणि अशा लडबडणाऱ्या पक्ष्यांना गरुड सहज पकडायचे. पण हायड्रिला स्वतः विषारी नाही. मग विष आलं कुठून?

जॉर्जिया विद्यापीठातल्या सुझन वाइल्ड यांनी पानं उलटी करून पाहिली. पानाच्या खालच्या बाजूला ठिपके होते. खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते लाल चमकले. ते होते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते. नाव शेवाळाचं असलं तरी जात जिवाणूची. फक्त झाडासारखं उन्हावर अन्न तयार करतं.

आता हा जीव नवा की आधीच माहीत असलेला, हे कसं ठरवायचं? आधी रूप बघतात. पेशी सुट्या की माळेसारख्या ओवलेल्या, माळेला फांद्या फुटतात का, मध्ये हवेतला नत्र धरणारी वेगळी जाड पेशी आहे का. आपल्याकडे टी. व्ही. देसिकाचारी यांनी १९५९ साली 'सायनोफायटा' हा जाडजूड ग्रंथ दिला, तो अशाच निरीक्षणांवर उभा आहे. पण रूपावरून फसायला होतं. आमच्या गटात दोन सुनंदा आहेत, दोघींची साडीही एकदा सारखी होती. पासबुक पाहिल्यावरच हप्ता कोणाचा ते कळलं. तसंच इथे डीएनए वाचून ठरवतात. त्यातूनही पक्कं झालं की गोळ्यांतून मिळणाऱ्या स्पिरुलिनाचं बसणं खऱ्या स्पिरुलिनाच्या घरात नव्हतंच. तिला आर्थ्रोस्पायरा या वेगळ्या नावाखाली ठेवावं लागलं.

गरुडांच्या मारेकऱ्याचं रूप आणि डीएनए दोन्ही कुणाशी जुळेना. म्हणून २०१४ साली नवी प्रजाती, नुसती प्रजाती नव्हे तर नवं कुळनावच दिलं गेलं : एटोक्थोनोस हायड्रिलिकोला. अर्थ असा की हायड्रिलावर राहणारा गरुडमाऱ्या.

तरी विष हाती आलं नव्हतं. प्रयोगशाळेत वाढवलेला हा जीव निरुपद्रवी निघायचा! जर्मनीतल्या हाले इथल्या शास्त्रज्ञांनी तळ्यातली पानं तपासली, तेव्हा त्या ठिपक्यांत ब्रोमिन असलेलं रसायन दिसलं. मग प्रयोगशाळेतल्या पाण्यात ब्रोमाइड घातलं, आणि विष तयार झालं. हे २०२१ साली छापून आलं. पहिला गरुड मेला त्याला तोवर सव्वीस वर्षं झाली होती. आम्हाला वाटतं, नाव मिळालं नसतं तर नेमकं कोणाला वाढवून तपासायचं तेच ठरलं नसतं.

घाबरायला सांगत नाही आम्ही. निळं-हिरवं शेवाळ सगळं वाईट नसतं. भातखाचरात नत्र देणारं असतं, ॲझोलाच्या पानात राहणारंही असतं. पण उभ्या पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा थर दिसला, तर सावध राहायचं. काठीने उचलून बघा. केसासारखे धागे काठीला लोंबले, तर बहुधा साधं शेवाळ. रंगासारखं काठीला माखलं, तर संशय धरा. काचेच्या बाटलीत ते पाणी रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगला, तर संशय वाढवा. हात लावू नका, आणि हे नुसते अंदाज आहेत, निकाल नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचं, उकळून हे विष जात नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरतं. असं पाणी माणसाने प्यायचं नाही, गुरांना पाजायचं नाही, पोरांना त्यात पोहू द्यायचं नाही.

आमची बाटली तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे गेली आहे. त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतील. तोवर आमच्या म्हशी विहिरीवर पाणी पितात. लांब पडतं, कुरकुर होते, पण सध्या तसंच चाललंय.